बनावट गाडी

“ही बॉडी बनावट हाय साहेब,” असं माझा नवरा स्वतःच्या तोंडानं म्हणाला, आणि पुण्याच्या शेटनं हातातला रुमाल घडी करून खिशात ठेवला.

गाडीचा सौदा तिथंच मोडला. नवरा मात्र हसत उभा होता. त्याला वाटत होतं, आपण गाडीची तारीफ केली.

नळदुर्गात निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला बनावट म्हणजे घडण. पलंगाची बनावट, कुलपाची बनावट. माझं माहेर सोलापूरच्या अंगाचं, इंग्रजी मुलखातलं. तिथं मी चौथीपर्यंत मराठी शाळेत गेले. आमच्याकडं बनावट म्हणजे खोटं. लग्न होऊन आले तेव्हा सासूनं माझ्या पाटल्या हातात घेऊन बघितल्या आणि म्हणाली, “बनावट लई चांगली हाय.” मी न्हाणीत जाऊन रडले होते. माझ्या बापानं खोटं सोनं दिलं असं म्हणते, असं वाटलं मला. ते पुढं कळलं. पुण्याहून एका दिवसासाठी आलेल्या माणसाला कसं कळणार?

गाडी जहागीरदाराची होती. तो मेला, जहागिरी गेल्या, त्याची बेगम बंगल्यात एकटी राहिली. नवरा तिचा ड्रायव्हर. आम्ही गाडीखान्याला लागून असलेल्या खोलीत राहत होतो. गाडी विलायती, पण नुसतं इंजिन आणि खालचा सांगाडा विलायती. वरची बॉडी जहागीरदारानं लग्नाच्या वेळी कलकत्त्यात बेगमसाठी सांगून बांधून घेतली होती. आत सागवानाचा साचा, वर पत्रा. मागच्या खिडक्यांना पडद्याचे पितळी रूळ. ड्रायव्हर आणि मागची बैठक यांच्यामध्ये काच, आणि त्या काचेतून जाणारी एक नळी. बेगमनं मागून नळीत बोलायचं, नवऱ्यानं पुढं ऐकायचं. इतकी वर्षं तिची गाडी चालवली, पण तिचं तोंड त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आवाज तेवढा ओळखायचा. तरुणपणी गाडी आणायला तो स्वतः कलकत्त्याला गेला होता. सुतार साग तासताना त्यानं पाहिले होते. कागद होते, ते पोलीस ॲक्शनच्या धावपळीत कुठं गेले कुणास ठाऊक. तेव्हा गाडीबद्दल सांगणारा माणूस असा तो एकटाच उरला होता.

बेगमला भावाकडं हैदराबादला जायचं होतं. पुण्याचा हा शेट जुन्या मोटारी विकत घ्यायचा. त्यानं निरोप धाडला होता की गाडी खरी निघाली तर गाडीबरोबर ड्रायव्हरही नेतो, राहायला जागा देतो. आमचं सगळं त्यावर होतं. नवऱ्याच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं, म्हणून एसटीनं त्याला घेतलं नव्हतं. दुसरी गाडी त्याला कुणी दिली नसती, आणि त्यालाही दुसरी जमली नसती.

म्हणून त्यानं गाडी पुसली. पुढच्या नंबरपाटीला हळदकुंकू लावलं, ते मी पुसायला लावलं. म्हटलं, “अहो, दसरा हाय का आज?”

“असू दे की. नव्या घरी चाललीय,” तो म्हणाला.

शेटबरोबर एक जाणकार होता. त्याचं पुण्यात मोटारीचं गॅरेज. त्यानं एक जाड पुस्तक आणलं होतं, पानोपानी मोटारींची चित्रं. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिनावरचा नंबर खडूनं घासून वाचला, खाली आडवा होऊन सांगाडा पाहिला. म्हणाला, “इंजिन खरं. चासी खरी.” नवऱ्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मला त्याची दया आली.

मग जाणकारानं पुस्तक उघडून गाडीच्या अंगाला लावलं. “चित्रात मागची खिडकी अशी नाही. हे रूळ नाहीत. आणि ही नळी कसली?”

“बोलायची नळी हाय जी,” नवरा म्हणाला. “बेगमसाहेब मागून बोलायच्या, म्या फुडं ऐकायचो.”

“कंपनीच्या एकाही चित्रात ही बॉडी नाही. कुणीतरी मागाहून चढवलेली असणार.” जाणकार शेटकडं वळला. “ड्रायव्हरलाच विचारा. जुना माणूस आहे.”

शेट बोलायला चांगला होता, ते मी नाकारत नाही. त्यानं सरळ विचारलं, “काय हो, ही बॉडी मूळचीच ना?”

आणि नवरा छाती काढून ते वाक्य बोलला.

“बनावट?” शेटनं विचारलं.

“जी. खास बनावट. कलकत्त्याची. अशी बनावट सगळ्या मुलखात दुसरी न्हाय.”

जाणकाराला हसू आवरेना. “माणूस प्रामाणिक आहे हो! आपण शोधत बसलोय आणि हा स्वतःच सांगतोय.”

मी दारात होते. पदर सावरला आणि पुढं झाले. म्हटलं, “साहेब, थांबा. यांच्या बोलीत बनावट म्हंजे घडण. बॉडी बनवून घेतलीय, असं म्हणायचंय त्यांना.”

“आम्हीही तेच म्हणतोय बाई, बनवून घेतलेली आहे,” जाणकार म्हणाला.

“बेगमसाहेबांसाठी मुद्दाम बनवून घेतली!”

“आणि आता मुद्दाम आम्हाला बनवताय.”

नवऱ्याला माझा राग आला. परक्या माणसांपुढं बायको गाडीवर बोलते म्हणून. “तू गप. म्या सांगतोय नव्हं?” मग शेटला म्हणाला, “हिला गाडीतलं काय कळत न्हाय साहेब. ही बनावटच हाय. लिहून देतो म्हणाल तर लिहून देतो.”

शेट म्हणाला, “लिहून कशाला? तुम्ही खरं सांगितलंत, तुमच्यावर राग नाही. पण खोटी गाडी मी दारात उभी करत नाही.” आणि दोघं निघाले.

नवरा त्यांच्या मोटारीच्या धुळीकडं बघत राहिला. म्हणाला, “किंमत जास्त वाटली वाटतं.” तेव्हा मी त्याला शब्दाचा अर्थ सांगितला. तो गाडीच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ नुसता चिंधी पिळत राहिला. चिंधी कोरडी होती.

आतून बांबूच्या चिकाच्या पडद्यामागून बेगमचा आवाज आला. तिनं सगळं ऐकलं होतं, पण तिलाही कळलं नव्हतं. “काय कू गये वो लोगां? बनावट तो अच्छीच है ना?”

मीच आत गेले आणि तिला सांगितलं. ती म्हणाली, “तो फिर क्या बोलना था?”

“अस्सल म्हणायचं होतं.”

“वो तो हईच,” ती म्हणाली.

ती माणसं डाकबंगल्यावर जेवायला थांबली होती. मी नवऱ्याला म्हटलं, “जावा, सांगून या.” तो हलला नाही. “काय सांगू? माझीच जबान झूट हाय म्हणून सांगू?” मग मीच गेले, चपला न घालता, तापलेल्या सडकेनं. शेट हात धुत होता. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बाई, तुमचा नवरा दोनदा बोलला. मी शंभरदा विचारलं असतं तर शंभरदा तेच बोलला असता. तुम्ही म्हणता त्याचा अर्थ वेगळा. मग त्याच्या कुठल्या शब्दावर मी गाडी घेऊ?” मी तशीच त्या सडकेनं परत आले.

मला विचाराल तर गाडी पुरती अस्सल नव्हतीच. पुढचा बंपर मिलिटरीच्या ट्रकचा होता, एक दिवा बसचा, गाद्या सोलापुरात नव्या शिवलेल्या. चाळीस वर्षं चाललेली गाडी आणखी कशी असणार? माझ्या तोंडात तरी सगळे मूळचे दात कुठं आहेत? पण कलकत्त्याची बॉडी खरी होती. नेमकी तीच खोटी ठरली.

पुढं आणखी दोनेक गिऱ्हाइकं आली, पण तोवर गावभर झालं होतं. सडकेवर कुणी विचारलं तर धाब्यावरचे लोक सांगायचे, “ती बनावट गाडी व्हय? सरळ जावा, डाव्या हाताला.” गिऱ्हाईक तिथूनच परत. बेगम हैदराबादला गेली. जाताना बैलगाडीतून एसटीच्या थांब्यावर गेली, बुरख्यात. नवरा मोटार काढतो म्हणत होता, तिनं नको म्हटलं. पेट्रोल नव्हतंच.

गाडी एका गुऱ्हाळवाल्यानं इंजिनासाठी घेतली. इंजिन नवऱ्यानंच उतरवून दिलं, दुसऱ्याला हात लावू दिला नाही. बॉडी गुऱ्हाळाजवळ पडून राहिली. पोरं नळीत तोंड घालून बोंबलायची. थंडीत पाचट कमी पडलं तेव्हा आतलं सागवान काढून चुलवणाला घातलं. साग चांगला जळतो. त्या वर्षीचा गूळ आम्हीही खाल्ला.

आम्हाला खोली सोडावी लागली. नवरा हायवेवरच्या धाब्यावर ट्रक धुवायला लागला, मी तिथंच भाकरी थापायला. ट्रकवाले हाक मारायचे, “ए बनावट, मागचा फाळका राहिला की!” पहिल्या दिवशी तो बादली आपटून निघून आला. दुसऱ्या दिवशी गेला. नंतर नंतर त्या हाकेला ‘जी’ म्हणायला लागला. मी एकदा एका ड्रायव्हरच्या अंगावर परात घेऊन धावले, तर नवरा म्हणाला, “राहू दे. त्याला काय ठाव?” घरी तो उर्दू शब्द टाळायचा. बोलता बोलता थांबायचा आणि मला विचारायचा, “हे म्हणलं तर चालतंय का?” माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईला विचारायचा. मला त्याचा वीट यायचा. मी म्हणायचे, “बोला की काय बोलायचं ते.” मग तो बोलायचाच नाही. शेवटची दोन-तीन वर्षं तर असून नसल्यासारखा होता.

छातीत पाणी झालं आणि गेला. मयताला आलेल्यांतला एकजण बाहेर कुणाला तरी सांगत होता, “बनावट ड्रायव्हर वारला.” त्याचं खरं नाव त्या माणसाला ठाऊक नसावं.

बेगम हैदराबादेत वारली, ते उशिरा कळलं. शेटचं आणि त्या जाणकाराचं काय झालं, मला माहीत नाही. मी पुढं बरीच वर्षं धाब्यावर भाकरी थापल्या. मी अजून आहे.