नववा आकडा

वाटाड्या मावशी वीस वर्षं शाळकरी पोरांना डोंगर, प्राचीन नगरीचे अवशेष आणि त्यापुढचं घनदाट जंगल पायी दाखवत आली होती. दर थांब्यावर प्रत्येकानं आपला आकडा ओरडायचा, हा तिचा नियम. त्या दिवशी जंगलाच्या तोंडाशी सतराच्या सतरा आकडे आले, तरी तिच्या जिवाला चैन पडेना.

“पुन्हा!”

“मावशी, किती वेळा?” पोरं कुरकुरली.

या वेळी तिनं तोंडं पाहिली. आठ आणि नऊ एकाच पोरीच्या तोंडून निघाले.

“मैत्रीण मागे फोटो काढतेय,” पोरगी पुटपुटली. “वर्गातही आम्ही एकमेकींची हजेरी लावतो.”

मावशी तशीच अवशेषांकडे धावत सुटली. कोसळलेल्या भिंतींमागून ओरडून ओरडून बसलेला आवाज येत होता, “नऊ! मावशी, नऊ!”