जोडेमामांची पेटी

आईबापांनी ठेवलेलं त्यांचं नाव मतदारयादीत सुखानं नांदत होतं. धक्क्यावर मात्र लहानथोर सगळे त्यांना जोडेमामाच म्हणत, आणि त्याला कारण त्यांची पेटी.

धक्क्यासमोर समुद्रात सात बेटं. एकावर दीपगृह, एकावर नुसते पक्षी, आणि सगळ्यांत धाकटं म्हणजे निव्वळ वाळूचा पट्टा. शेंड्याला कासवाच्या पाठीसारखा एक खडक, बाकी दुधासारखी पांढरी वाळू. हे बेट दिवसातून चार तास वर येई आणि भरती लागली की गडप होई. पर्यटकांना त्याचंच भारी वेड. चोवीस माणसं घेऊन मामांची बोट तिथं जाई.

आता माणसं मोजायची म्हणजे महाकठीण काम. एक फोटो काढायला उठतो, दुसरी पोराला पाणी पाजायला वाकते, तिसरा दोनदा मोजला जातो. मामांनी पहिल्याच वर्षी शक्कल काढली. बोटीच्या तोंडाशी एक लाकडी पेटी ठेवली. बेटावर उतरताना प्रत्येकानं पायातलं तिच्यात काढायचं आणि परत येताना घालायचं. पेटी रिकामी झाली की माणसं पुरी.

"मामा, बूट नवे आहेत हो, बदलून देऊ नका!" असं कुणीतरी हटकून म्हणे.

"साहेब, माझा पाय बघा आणि तुमचे बूट बघा. दोन्ही पाय मावतील एकात!" मामांचं उत्तरही ठरलेलं. मग छाती फुगवून सांगत, "तीस वर्षं झाली. आपल्या बोटीचं एक माणूस मागं राहिलेलं नाही."

या तीस वर्षांत मामींनी ते बेट पाहिलं नव्हतं. "जगातली माणसं येऊन बघून जातात आणि मी इथून नुसता धूर बघते तुमच्या इंजिनाचा," असं त्या भाकरी थापता थापता म्हणत. मामा म्हणत, "अगं, बेट कुठं पळून जातंय?" शेवटी एकदा बोटीत एक जागा रिकामी राहिली आणि मामांनी घरी निरोप धाडला, 'असशील तशी ये.'

मामी खरंच होत्या तशा आल्या. डोक्याला मोठा रुमाल, पायांत रोजच्याच चपला, त्यातही डावीचा अंगठा तुटलेला आणि सेफ्टी पिनेनं जोडलेला. समोर बघतात तर पर्यटकांचे चकचकीत बूट आणि नक्षीच्या सँडला. पेटीत त्यांच्या शेजारी आपली पिनेची चप्पल कशी ठेवायची? मामींनी हळूच चपला काढल्या, धक्क्यावरच्या दगडी बाकाखाली सरकवल्या आणि अनवाणी बोटीत चढल्या. पुढच्या बाजूला, बायकांच्या घोळक्यात बसल्या. मामा मागं इंजिनापाशी. त्यांना यातलं काहीच दिसलं नाही.

बेटावर मामी लहान पोरीसारख्या चालत सुटल्या, थेट खडकाच्या पलीकडं. तिथं आडोशाला बसून शिंपले वेचायला लागल्या. वारा त्यांच्याकडून बोटीकडं. मामांनी शिट्टी मारली, पुन्हा मारली. पर्यटक धावत आले, एक पोर रडत होतं, पाणी वाळूला चाटायला लागलं होतं. एकेक जोड उचलला गेला. मामांनी वाकून पेटीत पाहिलं. रिकामी. त्यांनी इंजिन चालू केलं.

वाटेत ते मनात हसतही होते. पुढच्या घोळक्यात रुमालवाल्या दोघी-तिघी होत्या, त्यांतली एक आपलीच, आता घरी गेल्यावर महिनाभर बेटाच्या गप्पा ऐकाव्या लागणार!

धक्क्यावर माणसं उतरली. मामा दोर बांधायला वाकले आणि बाकाखाली त्यांची नजर गेली.

पिन त्यांनी ओळखली. त्यांनीच लावून दिली होती.

"अगं ए!" ते ओरडले. रुमालवाल्या बायका वळल्या. तिघीही परक्या. मामांनी त्या चपला उचलल्या, पेटीत टाकल्या आणि दोर सोडला. तिकिटवाला धावत आला, "मामा, काय झालं?"

"बायको राहिली!"

"कुठं?"

"वाळूवर!"

तिकिटवाल्यानं समुद्राकडं पाहिलं. बाकीच्या बोटी दीपगृहाकडं होत्या, वाळूच्या बेटापासून दुप्पट लांब. तरी त्यानं फोन लावायला घेतला.

जायला पाऊण तास. वाळू बुडायला तेवढाही नाही. हा हिशेब मामांनी हजारदा पर्यटकांना गंमत म्हणून सांगितला होता. आता तोच हिशेब त्यांच्या छातीवर बसला. इंजिनाला त्यांनी जन्मात दिलं नव्हतं तेवढं तेल दिलं. इंजिन खोकलं, काळा धूर ओकायला लागलं. "चल ना रे बाबा," मामा त्याला म्हणत होते, "आज एक दिवस. उद्या फुटलास तरी चालेल." समोरून भरतीची ओढ. बोट जिथल्या तिथंच आहे असं वाटे. आणि नजर टाळावी म्हटलं तरी पुढ्यात ती पेटी, तिच्यात एकच जोड. तीस वर्षं ज्या पेटीवर डोळे मिटून विसंबले, तिच्याकडं आता बघवेना.

तिला पोहता येत नव्हतं. शिकवतो म्हणाले होते, लग्न झालं त्या वर्षी.

बेट आलं तेव्हा बेट नव्हतं. खडकही दिसेना. सगळीकडं हिरवं पाणी, त्यात बोट बांधायला त्यांनीच रोवलेला एक बांबू. मग बांबूपाशी मामांना डोकं दिसलं.

मामी छातीभर पाण्यात होत्या. डोक्याचा रुमाल पिळून त्यांनी दोर केला होता आणि कमरेभोवतीनं स्वतःला बांबूला बांधून घेतलं होतं. प्रत्येक लाट गळ्यापर्यंत येऊन जात होती. मामांनी त्यांना ओढून वर घेतलं. गाठ सोडताना बघतात तर ती बोटीचीच, त्यांची रोजची गाठ. धक्क्यावर डबा घेऊन येता येता बघून शिकलेली.

मामांनी पेटीतल्या चपला काढून पुढं सरकवल्या. मामींनी घेतल्या नाहीत. पाय पोटाशी घेऊन कुडकुडत बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं त्यांची मूठ उघडली, तिच्यात चार शिंपले.

"पेटी रिकामी होती गं," मामा कसंबसं म्हणाले.

"मला किती हाका मारल्यात?"

मामा सुकाणूकडं वळले.

"अहो, सांगा ना. शिट्टी नव्हे. हाक."

हाक एकही मारली नव्हती. बोट धक्क्याला लागली. तिथं मामींनी पेटीतून आपल्या चपला स्वतः उचलल्या, पायांत घातल्या आणि मागं न बघता घरी चालू लागल्या. पिन मध्येच निसटली, तशी डावी चप्पल त्यांनी हातात घेतली.

पेटी अजूनही बोटीत आहे. पण निघायच्या आधी मामा आता प्रत्येकाला नाव विचारतात आणि परतताना एकेकाला नावानं हाक मारतात. पर्यटक हसतात, "मामा, शाळा भरवलीत की!" मामा हसत नाहीत. ओ आल्याशिवाय दोर सोडत नाहीत.

मामी पुन्हा बेटावर गेल्या नाहीत. मामांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायचं धाडस त्यांना अजून झालेलं नाही.