लेक नसताना बांधलेला झोका

हातात मोबाईल आला तेव्हा मी साठी उलटलेली अल्लड बाई होते. त्या वेळची मी आज भेटले तर आधी फोन हिसकावीन आणि मग पोटभर हसेन. चहाचं आधण ठेवायच्या आधी बाईसाहेब नंदुरबारच्या धाकट्या जावेचा स्टेटस उघडत. जावेच्या स्वयंपाकघरातला नवा ओटा, जावेची काश्मीरची शाल, जावेच्या गच्चीवर कुंडीत आलेला कोबीचा गड्डा. आमचं तापीकाठी केळीचं अख्खं शेत, तरी त्या एका गड्ड्यापायी माझा चहा कडू व्हायचा. स्टेटस बघण्याआधी मी फार सुखी होते असं नाही, पण निदान तो कोबी मला माहीत नव्हता.

खरा काटा रुतला आखाजीला. आमच्या खान्देशात अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, लेकी माहेरी येतात. अंगणातल्या निंबाला झोका बांधायचा, लेकींनी बसायचं, गाणी म्हणायची. त्या वर्षी जावेच्या दोन्ही लेकी आधीच येऊन बसल्या. स्टेटसला सकाळी झोक्यावर एक, दुपारी दोघी, संध्याकाळी दोघींच्या मध्ये जाऊ, पाय हवेत. माझी एकुलती एक सुरतेला. सकाळी गाडीत बसली तर जेवायला घरी. पण ऑफिसात सुटी नाही, पुढच्या वर्षी बघू, असं फोनवर सांगून मोकळी झाली. मागच्या वर्षीही हेच सांगितलं होतं.

मी रडले नाही. रडण्यापेक्षा जळणं बरं, हाताला काम मिळतं. यजमानांकडून झोका बांधून घेतला. ते विचारत राहिले, बसणार कोण? मी म्हटलं, तुम्ही गाठ घट्ट मारा. झोक्याचा फोटो टाकायचा आणि जावेला दाखवायचा, एवढीच माझी अक्कल.

झोका दिसला की लेक आली असंच गाव धरतं, हे अक्कलवालीच्या ध्यानात आलं नाही. फोटो काढायच्या आत गल्लीतल्या बाया सांजोऱ्या घेऊन हजर. "लेक उनी का वं?" म्हणत थेट आत. एकीने तर न्हाणीचं दार वाजवलं, आंघोळीला बसली असेल म्हणून. मी सांगितलं, रस्त्यात आहे. सांजोरी तोंडात होती, म्हणून खोटं जरा गोड निघालं.

रिकामा झोका शोभेना, म्हणून शेजारणीच्या तळोद्याच्या सासरहून आलेल्या पोरीला त्यावर बसवलं, पाठमोरा फोटो काढला, स्टेटसला टाकला आणि जाऊ कधी पाहते म्हणून फोनवर डोळे लावून बसले.

जावेच्या आधी सुरतेचा फोन वाजला.

"माय, मन्हा झोकावर ती कोन बठेल शे?"

"शेजारीननी पोर. तुले काय करनं? तुले तं सुटी नही."

मग लेक लहानपणीच्याच चिडक्या आवाजात म्हणाली, "तिले उठाड. मी ई ऱ्हायनू."

सुटी कुठून उगवली ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी ओसरीवर टाकून ती आधी झोक्याकडे गेली. शेजारणीची पोर बसलेलीच होती. चाळिशीच्या माझ्या लेकीने तिला कोपराने सरकवून स्वतःला जागा केली. माझी जळकी खोड तिच्यात पुरती उतरली होती, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की झोका द्यायला मीच मागे उभी राहिले. दोघींचं वजन आणि माझे गुडघे. तरी लेकीला म्हटलं, पाय वर घे, अजून उंच जाईल.