घानाचा कॅप्टन आणि माझा दीडशहाणा भाऊ

माझ्या धाकट्या भावाचं जगातल्या प्रत्येक सैन्याबद्दल ठाम मत असतं. स्वतः कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पमधून दुसऱ्याच दिवशी पोट धरून रडत घरी आला होता, पण ते सोडा. लंडनला ईलिंगमधल्या सोफ्यावर बसून तो रोज कुठल्यातरी सैन्याची खरडपट्टी काढतो. त्यामुळे त्याच्या लेकीनं, माझ्या एकुलत्या एका भाचीनं, घानाच्या सैन्यातला कॅप्टन पसंत केला तेव्हा याच्या ज्ञानाला नुसता पूर आला.

"आफ्रिकेतलं सैन्य म्हणजे सत्तापालट," त्यानं मला नॉटिंगहॅमला फोन करून सुनावलं. "उद्या जावई रेडिओवरून देशाला उद्देशून भाषण करेल, नाहीतर तुरुंगात सडेल."

"अरे, आपलं कुठलं एवढं नशीब!" मी म्हटलं. "आपल्या घराण्यात अजून कुणी सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा झालेला नाही."

पोरगी केंब्रिजला नोकरी करते. कॅप्टन तिथे वर्षभराच्या इंजिनिअरिंगच्या कोर्सला आला होता. कोर्स संपत आला होता, पुढची नेमणूक घानाच्या उत्तर सीमेवर होती, आणि तिकडे पलीकडून अतिरेकी येतात. पोरीला लग्न करून त्याच्याबरोबर जायचं होतं. तिची आई गेल्याला बरीच वर्षं झाली, तेव्हा होकार काय तो बापाचाच हवा होता.

घानात मुलाकडची माणसं आधी मुलीच्या घरी 'दार ठोठावायला' येतात. एका रविवारी दुपारी कॅप्टन आला, बरोबर त्याची मावशी. बाई इथल्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेली नर्स, डोक्याला रुबाबदार फेटा, नजर तिखट. तिनं टेबलावर दारूच्या दोन बाटल्या ठेवल्या आणि म्हणाली, "तुमच्या बागेत आम्हाला एक सुंदर फूल दिसलं." भावानं खिडकीतून मागे पाहिलं. मागे कौन्सिलचे कचऱ्याचे दोन डबे होते. मी कपाळाला हात लावला.

रिवाजाप्रमाणे मुलगी वरच्या खोलीत. खाली बापाचं व्याख्यान सुरू झालं. ते सैन्य म्हणे इंग्रजांनी स्वतःच्या सोयीसाठी उभं केलं. (आणि आपलं काय पेशव्यांनी?) मग ते सत्तेवर कसं चढून बसलं, वगैरे वगैरे. कॅप्टन ताठ बसून ऐकत होता. त्याचे आजोबा इंग्रजांच्या त्या पलटणीतून ब्रह्मदेशात लढले होते. हा स्वतः शांतिसेनेबरोबर लेबनॉनला जाऊन आलेला, धरणाचं पाणी गावांत शिरलं तेव्हा होड्यांतून माणसं काढलेली. पण सांगायला मधे श्वासाएवढी तरी जागा मिळायला हवी ना!

शेवटी मावशीच बोलली. "खरं आहे. आमच्या सैनिकांनी सत्ता घेतली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. माझ्या वडिलांना बराकीतून त्यांच्याच माणसांनी ओढून नेलं होतं. पण आता कित्येक वर्षं निवडणुका होतात, सरकारं बदलतात आणि सैन्य बराकीत राहतं. हा सैन्यात गेला तेव्हा मी याला एकच गोष्ट सांगितली, की तसला सैनिक होऊ नकोस."

यावर शहाण्या माणसानं गप्प बसावं. आमचे महाराज म्हणाले, "बघू या."

निघायची वेळ झाली. भाऊ उठला, टेबलावरच्या बाटल्या पिशवीत भरल्या, त्यात चिवड्याचा डबा घातला, कारण पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही एवढे संस्कार आहेत, आणि अगदी हसतमुखानं पिशवी मावशीच्या हातात दिली. "आम्ही घेत नाही हो. कुणाला तरी उपयोगी पडेल."

मावशीचा चेहरा दगड झाला. कॅप्टन उठून उभा राहिला, "येस, सर," म्हणाला, आणि दोघं गेली. मला वाटलं, चिवडा आवडत नसेल.

पोरगी धडधड जिना उतरली. टेबल रिकामं पाहून आपल्या विलायती मराठीत ओरडली, "बाबा, बॉटल्स परत दिल्या? म्हणजे नकार असतो! मी सांगितलं होतं, ड्रिंक्स आणतील, ते ठेवून घ्यायचा! माझा लग्न मोडला तुम्ही!"

"मला काय माहीत?" भाऊ म्हणाला. याला, ज्याला सगळं माहीत असतं!

मी मावशीला फोन लावला, सगळा घोळ सांगितला. ती बराच वेळ हसली, मग थंडपणे म्हणाली, "आम्ही पुन्हा ठोठावणार नाही. आता त्यांनी यावं."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी त्याला सुपरमार्केटात नेलं. दारूच्या रांगेत तो असा चोरासारखा वावरत होता की सिक्युरिटीवाला मागे लागला. वाटेत मी एकसारखी बोलत होते, तुझी अक्कल, तुझी व्हॉट्सॲपवरची विद्वत्ता, तुझा एनसीसी. तो एका शब्दानं उलटला नाही. मला मजाच येत नव्हती.

मावशीच्या फ्लॅटचं दार त्यानं ठोठावलं. तिनं दार उघडलं, मागे कॅप्टन उभा. रिवाजाप्रमाणे तिनं विचारलं, "काय काम काढलंत?"

आमच्या वक्त्यानं बाटली छातीशी घट्ट धरली. मी कोपरानं ढोसलं, तर मला म्हणाला, "थांब गं, ताई." मग कॅप्टनकडे बघत म्हणाला, "सत्तापालटाचं मी उगाच बोललो. मला सीमेची भीती वाटते. पोरीची आई गेली तेव्हा मी चार भिंतींत कसा राहिलो ते माझं मला माहीत. पोरीवर ती वेळ येणार नाही, एवढं सांग."

कॅप्टन मावशीच्या पुढे आला. मग म्हणाला, "सर, तेवढंच मला सांगता येणार नाही."

भावानं मान डोलावली. डोळे पुसले, आणि दोन्ही हातांनी बाटली पुढे केली.