आबा ज्या अ‍ॅम्पवर बसले

डोळ्यांच्या दवाखान्यात आबांच्या डोळ्यांत थेंब घातले आणि त्यांना बाकावर डोळे मिटून बसवलं. आबा म्हणजे माझे वडील. फुलंब्रीच्या पलीकडे आमची वाडी आहे. आबांचा सगळा जन्म मेंढरांमागे गेला. आता मेंढरं थोडीच उरली आहेत, ती चुलते बघतात, कारण आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. माणूस जवळ येऊन बोलल्याशिवाय कोण ते त्यांना कळेना. तरी दवाखान्यात यायला त्यांनी खूप दिवस टाळाटाळ केली. शेवटी मीच वाडीला जाऊन त्यांना घेऊन आले.

डॉक्टरांनी तपासलं आणि पुढच्या आठवड्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करू म्हणाले. बाहेर आलो तर दुपारचं ऊन रस्त्यावर पसरलेलं. थेंबांनी आबांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"समदं पांढरं पांढरं दिसायलंय, माय," ते म्हणाले. "गाड्या बी पांढऱ्या, मानसं बी पांढरी. दुधातून चालल्यावानी वाटायलंय."

"भीती वाटती का?"

"नाय. ब्येस वाटायलंय."

औरंगपुरा तिथून हाकेच्या अंतरावर होता. मी म्हटलं, "आबा, मला एका दुकानात जरा डोकवायचंय. मग रिक्षानं घरी जाऊ."

ते दुकान वाद्यांचं होतं. मी वाळूजच्या एका कंपनीत माल तपासायच्या विभागात काम करते आणि पॉलिटेक्निकला असल्यापासून गिटार वाजवते. गिटार साधी आहे पण चांगली आहे. अ‍ॅम्प मात्र, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र, हॉस्टेलवर असताना घेतलेला होता, जेवणाच्या डब्यापेक्षा थोडासाच मोठा. कंपनीतल्या आम्ही चौघांनी मिळून रविवारी वाजवायला सुरुवात केली, तेव्हा त्याची खरी परीक्षा झाली. एकजण ड्रम वाजवतो, एकजण कीबोर्ड, माझ्याच विभागातली मैत्रीण गाते. ती एकदा गाणं थांबवून म्हणाली, "अगं, तू वाजवतेस की नुसती बोटं हलवतेस?" सगळे हसले, मीही हसले. पण त्या दिवसापासून मला नवा अ‍ॅम्प हवा झाला.

मग कंपनीच्या बसमध्ये जाता-येता मी फोनवर अ‍ॅम्प बघायला लागले. माझी खोली हर्सूलला, तिथून वाळूजपर्यंत शहर आडवं कापून जावं लागतं, वेळ भरपूर मिळतो. कानात एअरफोन घालून डोळे मिटले की कुठल्या कुठल्या खोल्यांतून, कुठल्या देशांतून लोक तारा छेडायचे. कधी झोप लागायची आणि झोपेतही तो आवाज चालूच राहायचा. मी एका मोठ्या मैदानात उभी आहे, मागे काळा उंच अ‍ॅम्प आहे, मी नुसता हात उचलला की सगळीकडे आवाज पसरतोय. गेटवर बसचा ब्रेक लागला की जाग यायची.

तसला एक काळा, उंच, नवाकोरा अ‍ॅम्प औरंगपुऱ्यातल्या या दुकानात होता. मी तो आधी येऊन पाहून गेले होते. माझ्या बजेटच्या अगदी काठावर बसत होता. एकदाच घेता येणार होता, आणि निवड चुकली तर पुढची कित्येक वर्षं ती चूक घरात ठेवून राहावं लागणार होतं. म्हणून मी नुसती येत होते आणि बघून परत जात होते.

दुकान अरुंद आणि लांब. वर ढोलक्या टांगलेल्या, भिंतीवर गिटारी, आत आत गेलं की अंधार. दुकानदारांना मी चाचा म्हणते. त्यांनी आबांना पाहून गल्ल्यामागून हाक दिली, "आओ चचा, बैठो. कायकू खडे?" आणि नोकराला स्टूल आणायला सांगितलं. पण आबांना स्टूल दिसलं नाही. त्यांनी हातानं चाचपून एक लाकडी पेटी शोधली आणि तिच्यावर हळूच टेकले.

त्याच क्षणी दुकानात वीज कडाडली.

म्हणजे आवाज अगदी तसाच झाला. आधी एक कडाका, मग लांब लांब गडगडत गेलेलं काहीतरी. वरच्या ढोलक्यांची कातडी थरथरली. आबा ताडकन उठले आणि छताकडे बघत म्हणाले, "आभाळ आलं व्हय?"

चाचा पोट धरून हसायला लागले. ती पेटी म्हणजे एक जुना अ‍ॅम्प होता. कुणीतरी विकायला आणून ठेवलेला. चाचा सकाळपासून त्याची तपासणी करत होते, म्हणून तो चालूच राहिला होता. त्यांनी मला मागची बाजू दाखवली. आत एक पत्र्याचा लांबट डबा होता, त्यात बारीक स्प्रिंगा ताणून बसवलेल्या. गिटारचा आवाज त्या स्प्रिंगांतून फिरून येतो आणि घुमल्यासारखा होतो. पेटीला धक्का लागला की स्प्रिंगा एकमेकींवर आपटतात आणि असं गडगडतं.

"वाजवून बघ," चाचा म्हणाले. त्यांनी भिंतीवरची एक गिटार काढून दिली.

मी आधी माझ्या त्या काळ्या अ‍ॅम्पला जोडली. त्याच्यात बटणं फिरवून कितीतरी आवाज काढता येत होते, काचेसारखा, करवतीसारखा, देवळातल्यासारखा. मी एकेक काढत गेले. आबा स्टुलावर हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मान हलवत होते, पण नुसतीच, माझ्या समाधानासाठी.

मग जुन्याला जोडली. त्याला बटणं चारच. मी एक तार छेडली आणि थांबले. सूर लगेच संपला नाही. तो दुकानाच्या आत, अंधाराकडे गेला, तिथं कुठंतरी लागला आणि मऊ होऊन परत आला. दुसरी छेडली. पहिली अजून जात होती, दुसरी तिच्यामागून निघाली. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत होते, रिक्षावाले भांडत होते, पण ते सगळं पातळ झालं.

आबा पुढं झुकले. "परत वाजीव."

मी वाजवलं.

"हे लई लांबून यायलंय," ते म्हणाले. मग विचारलं, "मानसाचा आवाज घेतंय का हे?"

चाचांनी एक साधा माइक काढला, दुसऱ्या खाचेत घातला आणि आबांच्या हातात दिला. मला वाटलं, आबा हॅलो हॅलो म्हणतील आणि लाजून परत देतील. त्यांनी माइक तोंडापासून जरा लांब धरला, ते धुरकट पांढरे डोळे दाराच्या उजेडाकडे केले आणि हाळी दिली.

"हुर्रऽऽ... येऽऽ हाऽऽ..."

लहानपणी दिवस मावळताना डोंगराच्या अंगाला मेंढरं पांगलेली असायची, तेव्हा आबा ही हाळी देत. मेंढरं वळायची आणि मीही वळायचे, कारण मी त्यांच्यातच कुठंतरी बोरं शोधत असायचे. मला वेगळी हाक कधीच नव्हती. हाळी आधी आबांकडून यायची, मग समोरच्या कड्याकडून. दुसरी ऐकू आली की आम्ही निघायचो, पहिलीला कुणी हलत नसे.

आता औरंगपुऱ्याच्या त्या बोळकांडीसारख्या दुकानात ती हाळी तशीच निघाली, तशीच लांब गेली. दारात दोघं-तिघं येऊन उभे राहिले. चाचा हसायचे थांबले. आबांनी माइक खाली घेतला. आवाज पूर्ण विरेपर्यंत ते कान देऊन होते.

"हुबेहूब हाय," ते म्हणाले. "ह्यात डोंगर कुठं ठिवला?"

चाचा म्हणाले, "स्प्रिंग है, चचा. छोटीसी."

"व्हय का," आबा म्हणाले. त्यांना ते पटलं नाही असं दिसलं.

रिक्षात बसल्यावर मी त्यांना विचारलं, "कोणता घेऊ?"

"मला काय कळतंय त्यातलं, बाई. तो नवा दांडगा हाय. मजबूत दिसायलाय. त्योच घे."

"तुम्हाला दिसला तरी का?"

"नाय," ते म्हणाले आणि दोघंही हर्सूलपर्यंत हसत आलो.

पण मला ठरवता येईना. नव्यात आवाज मोठा होता, गॅरंटी होती. जुन्याबद्दल चाचांनीच सांगितलं होतं की वजन जास्त, आवाज बेताचा, आणि उद्या काही बिघडलं तर मला शिव्या देऊ नको. चौघांच्या ग्रुपमध्ये ड्रमपुढे तो टिकणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मैत्रिणीला फोन केला तर ती म्हणाली, "वेडी आहेस का? नवीन मिळतोय ना त्या पैशांत? मग जुना डबा कशाला घ्यायचा?"

दोन दिवसांनी शनिवारी मी माझी स्वतःची गिटार पाठीला लावून पुन्हा दुकानात गेले. या वेळी एकटीच. चाचांना म्हटलं, मला दोन्ही अगदी हळू वाजवून बघायचेत. माझी खोली भाड्याची, खाली घरमालकीण काकू राहतात, पलीकडे कुणाचं तरी बाळ. रविवारचे दोन तास सोडले तर माझं सगळं वाजवणं कुजबुजीएवढं असतं, हे मला बसमध्ये स्वप्न बघताना कधी सुचलंच नव्हतं. मैदान मला कोण देणार होतं?

नवा हळू केला तर त्याचा जीवच गेला. सूर पत्र्यावर पडलेल्या खड्यांसारखे येऊ लागले. जुना हळू केला तर तो फक्त दूर गेला. होता तसाच, पण नदीच्या पलीकडून. मी एकच गाणं दोन्हींवर पुन्हा पुन्हा वाजवलं. किती वेळ गेला कळलं नाही. चाचांनी मध्येच चहा मागवला आणि मला न विचारता कप बाजूला ठेवून गेले.

"ग्रुपमें आवाज कम पडा तो सामने माइक लगा दे," ते म्हणाले. "इत्ता क्या सोचती?"

खरंच इतकंच होतं. मी जुना घेतला.

वजन मात्र खरंच भारी होतं. रिक्षावाल्यानं आणि मी मिळून तो जिन्यावरून चढवला, तेव्हा काकू दारात येऊन म्हणाल्या, "फ्रिज घेतला का गं?" पायरीला धक्का लागला की आत स्प्रिंगा खणखणायच्या. मी त्याला खिडकीखाली ठेवलं. तिथून झाडांच्या वरून हर्सूल तलावाकडचं आभाळ दिसतं.

आबांचं ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, काळा चष्मा दिला आणि डॉक्टर म्हणाले, आठवडाभर धूळ नको, वाकायचं नाही, आराम करा. आराम हा शब्द आबांना ठाऊक नव्हता. पहिल्या दिवशी ते खोलीत नुसते फेऱ्या मारत होते. मी रजा काढली होती. दुपारी त्यांना पलंगावर झोपवलं, डोळ्यांत थेंब घातले आणि काय करावं न कळून गिटार घेतली.

ती दुपार मला अजून नीट आठवते आणि तरी सांगता येत नाही. पडद्यातून ऊन येत होतं, पंखा फिरत होता. मी कुठलंही गाणं वाजवत नव्हते. एक सूर सोडायचा, तो जाऊ द्यायचा, मग दुसरा. आबा काळा चष्मा लावून उताणे पडले होते, जागे की झोपेत ते कळत नव्हतं. मध्येच ते बोलायचे. "वढ्याच्या पल्याड ग्येली ती." थोड्या वेळानं, "ऱ्हाऊ दे, यील." कुणाबद्दल, ते मी विचारलं नाही. मी फक्त तिकडं ऐकू जाईल असं वाजवत राहिले. माझ्याही डोळ्यांवर झापड आली. वाजवता वाजवता मला वाटलं, ही खोली नाहीच. पायाखाली मऊ गवत आहे आणि उन्हाचा, लोकरीचा वास येतोय.

जाग आली तेव्हा आबा अ‍ॅम्पसमोर जमिनीवर बसले होते. चष्मा कपाळावर सरकवलेला. मी ओरडणारच होते, पण त्यांचा चेहरा पाहून तशीच बसून राहिले. ते त्या पेटीकडे टक लावून बघत होते, कापडाची वीण, कोपऱ्यातला पोचा, लाल दिवा.

"एवढंसंच हाय व्हय हे?" ते म्हणाले. "मला वाटलं, लई मोठं आसन."

रविवारी ग्रुपमध्ये तो नेला तेव्हा कीबोर्डवाला म्हणाला, "हा कुठल्या भंगारातून आणला?" ड्रमनं तो खरंच गिळून टाकला. मग समोर माइक लावला, ड्रमवाल्याला काठ्यांऐवजी मऊ तारांचे ब्रश घ्यायला लावलं आणि आमची गाणी आपोआप संथ झाली. मैत्रीण पहिल्यांदा नाक मुरडून उभी होती. एका गाण्याच्या मध्येच तिनं आपल्या माइकची पिन काढली आणि मला न विचारता माझ्या अ‍ॅम्पच्या दुसऱ्या खाचेत घातली. तिचा आवाज माझ्या तारांच्या शेजारून निघाला. तेव्हापासून आम्ही लग्नाच्या वरातीत चालतील अशी गाणी वाजवत नाही. आम्हाला कुणी बोलावतही नाही. ज्यांच्या घरी वाजवतो, त्यांच्या आया मात्र स्वयंपाक थांबवून दारात येऊन बसतात.

आठवडा झाल्यावर आबांना मी बसस्टँडवर सोडायला गेले. "अजून थोडे दिवस राहा," म्हटलं, तर म्हणाले, "मेंढरं वळखायची हायती मला. कोन कोन ऱ्हायलंय बघतो." फुलंब्रीची गाडी लागली. ते खिडकीशी बसले आणि फलाटावरच्या पाट्या मोठ्यानं वाचू लागले. सिल्लोड, कन्नड, जालना. शेजारचा माणूस त्यांच्याकडे बघायला लागला, तर त्याला म्हणाले, "दिसायलंय मला." गाडी सुटली तरी ते वाचतच होते.