बायडाबाईच्या चुलीखालचे खांब

"देऊळ निघालं!" असं पहिल्यांदा मीच ओरडलो. लपवून काय उपयोग, सगळ्या गावाला ठाऊक आहे.

साल चौऱ्याण्णव. लिंबागणेशच्या पुढं, डोंगराच्या कुशीत आमचं गाव आणि गावाबाहेर उतारावर वडारवस्ती. दगड फोडून पोट भरणारी वीस घरं. पाण्यासाठी बायकांची मैलभर पायपीट. सरकारी योजनेतून वस्तीला एक विहीर मंजूर झाली, ती वस्तीच्या वरच्या बाजूला वस्तीनंच खोदायला घेतली. सगळ्यांच्या पुढं बायडाबाई. पन्नाशीची, हाडकुळी, नवरा गेल्यापासून त्याचा घण तीच चालवायची.

तीस फुटांवर काळे खांब लागले. सहा कोनांचे, एकाला एक चिकटून उभे, ओळंबा लावून रचल्यासारखे. मी काठावरून डोकावलो आणि बोंब ठोकली. दुपारी लोक म्हणाले पांडवांनी बांधलं, संध्याकाळपर्यंत त्याचं महादेवाचं देऊळ झालं. आमचे वडील ईश्वरप्पा, गावातले मोठे दुकानदार, सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांनी खोदकाम बंद करवलं आणि काठावर झेंडा रोवला. दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा टांगायच्या सोडून मी 'प्राचीन शिवमंदिर' अशी पाटी रंगवत बसलो. अक्षर माझं चांगलं, अक्कल बेताची.

बायडाबाई दुकानात आली.

"आप्पा, त्ये देऊळ न्हाई. जमिनीतच तसा झालेला दगड हाय."

"तुला काय कळतंय गं त्यातलं?"

"दगडातलंच तर कळतंय मला. खांबावर छिन्नी-टाकीची एक खूण न्हाई. घडवलं असतं तर खपल्या पडल्या असत्या. एक खपली सापडली न्हाई."

"देवाला टाकी कावून लागती?" आप्पा म्हणाले आणि सगळं दुकान हसलं. मीही हसलो.

ती वाद घालत बसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं खोपटातली चूल उचलून बाहेर मांडली आणि चुलीच्या जागी पहार घातली. दगडाचा थर असेल, तर तो आपल्या घराखालीही असणार, आणि घर विहिरीच्या खाली उतारावर असल्यानं लवकर लागणार, हा तिचा हिशेब. लोक म्हणाले, बाई येडी झाली. ती खडी फोडून यायची आणि खणायची. सून विमल मातीच्या पाट्या वर ओढायची. दोघी अंगणात झोपायच्या, कारण घरात आता खड्डाच होता. काही निघालं नसतं, तर विहीर गेली होतीच, घरही गेलं असतं.

एकोणिसाव्या दिवशी तिचा निरोप आला, आप्पांना घेऊन समदे या. सगळा गाव गेला. खड्ड्याच्या तळाशी तेच काळे खांब. तेच सहा कोन.

बायडाबाई डोक्यापासून पायापर्यंत मुरमानं माखली होती.

"आता ठरवा आप्पा. देऊळ म्हणत असाल, तर त्ये माज्या घरात बी हाय. उद्यापासून पूजेला हितं या, चपला दारात काढा, परसाद माज्या हातचा खा. आन् दगड म्हणत असाल, तर आमची हीर सोडा."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आमच्यातला एकही त्या वस्तीत कधी घोटभर पाणी प्यायला नव्हता. आप्पांनी खड्ड्यात पाहिलं, मग उपरण्यानं तोंड पुसलं.

"दगडच दिसतोय," ते म्हणाले.

ती जिंकली होती, पण तिचा चेहरा पडला. मला त्या क्षणी आमची सगळ्यांची लाज वाटली.

"लई लवकर झाला की दगड," ती म्हणाली. "एक डाव तरी म्हणायचं हुतं आप्पा, येतो म्हणून."

तिनं घण खांद्यावर टाकला आणि सुनेला हाक मारली, "विमल, दोर घे. तीस फुटांवर काम थांबलंय."