छायाच्या नावाचा नकाशा

भोरच्या एसटी डेपोतल्या रामभाऊ मेकॅनिकची छाया पुण्याला भौतिकशास्त्र शिकली आणि परत येऊन भोरच्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. कॉलेज सुटलं की ती घरी संगणकापुढं बसायची. हवामानाचे उपग्रह खाली पाठवतात ती माहिती आणि उद्याच्या पावसाचे अंदाज, हे सगळं कुणालाही उतरवून घेता येतं. पण ती फाइल नुसती उघडली तर पडद्यावर अगम्य चिन्हांचा चिखल दिसतो. ती फोडायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. मग त्यातून कुठल्या ठिकाणी, कधी, किती पाऊस, हे आकडे सुटे होतात.

सुरुवातीला तिनं पुष्कळ चुका केल्या. फाइलमधली वेळ विलायतेची असते, साडेपाच तास मिळवायचे असतात. कधी आकड्यांच्या ओळी उत्तरेकडून मांडलेल्या असतात, कधी दक्षिणेकडून. ते चुकलं की वेल्ह्याचा पाऊस भलत्याच तालुक्यात पडतो. हे सगळं जमल्यावर ती भोर-वेल्ह्याचा तेवढा तुकडा कापून रंगवू लागली. पिवळा म्हणजे साधा पाऊस, लाल म्हणजे जोराचा, जांभळा म्हणजे सावध.

नकाशा गावोगावी पोचवायचं काम धनाजीचं. तो मार्गासनी गावचा, पुण्याला जाण्याआधी भोरच्या कॉलेजात तिच्याबरोबर शिकलेला. त्याचं मोबाईलचं दुकान होतं, वाडीवाडीतली माणसं ओळखीची. व्हॉट्सॲपचे ग्रुप त्यानंच बांधले, आणि नकाशाखाली "छाया मॅडम, भोर" असं लिहायची कल्पनाही त्याचीच. "लोकांना माणूस लागतं गं, नुसत्या रंगांवर कोण विश्वास ठेवणार?" तो म्हणाला होता. तिला ते फार आवडलं होतं. ग्रुपमध्ये ती स्वतः नव्हती. धनाजी आहे म्हटल्यावर तिला गरज वाटली नव्हती.

मागच्या जुलैत वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगर खचला. माणसं वाचली, पण एका वाडीतल्या चंद्राबाईंचा गोठा म्हशींसकट मातीखाली गेला. पाऊस उघडल्यावर चंद्राबाई पत्ता विचारत भोरला आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"छाया मॅडम तुमीच का?"

"हो. आत या ना मावशी."

"आत न्हाई यायचं मला. ह्यो बघा तुमचा नकाशा." त्यांनी मोबाईल पुढं धरला. "आमच्या वाडीवर पिवळा. पिवळा म्हनून म्या जनावरं हलवली न्हाईत. लई इस्वास होता तुमच्यावर."

आपली चूक झाली, हेच छायाच्या मनात आलं. चंद्राबाई गेल्यावर तिनं त्या दिवसाची फाइल पुन्हा फोडली. वेळ बरोबर, ओळींची दिशा बरोबर. वाडीवर रंग आला गडद जांभळा. धनाजीला पाठवलेलं चित्र तिनं काढून पाहिलं. तेही जांभळंच.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, चूक चित्र बनवताना झालेली नव्हती, चित्र पुढं कुणीतरी बदललं होतं. तिनं ग्रुपमध्ये असलेल्या आपल्या विंझरच्या मावशीकडून, भामाबाईंकडून, तिथले जुने नकाशे मागवून घेतले. सगळा तालुका जसाच्या तसा. फक्त चंद्राबाईंच्या वाडीच्या उतारावर प्रत्येक वेळी पिवळा रंग फासलेला. खाली तिचं नाव.

मार्गासनीला जाऊन तिनं विचारलं तेव्हा धनाजीनं आधी शटर अर्धं ओढून घेतलं.

"तिथं प्लॉटिंग चाललंय, छाया. गिऱ्हाइकं मीच आणतो. रोज जांभळं बघितल्यावर कोण घेईल जागा?"

"आणि खाली नाव माझं?"

"तुझं नाव होतं म्हणून तर लोकांनी मानलं." हे तो अगदी सहज बोलला. "अगं, रंग बदलला म्हणून पाऊस थोडाच बदलतो? अंदाज काय, चुकतातच की."

ती वरच्या वाडीवर गेली, चंद्राबाईंना खरं चित्र दाखवलं, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुला ठावं होतं, तर तू का न्हाई आलीस गं पोरी? एक फोन तरी?"

छाया म्हणाली, "मी त्याच्यावर सोडलं होतं."

"आमीबी तुझ्यावरच सोडलं व्हतं," चंद्राबाई म्हणाल्या आणि खचलेल्या मातीकडं बघत राहिल्या.

ग्रामसभेत छाया उभी राहून बोलली. दोन्ही चित्रं दाखवली. धनाजी हात जोडून म्हणाला की मॅडमच्या मशीनची चूक मॅडम माझ्यावर ढकलतायत. अर्ध्या सभेला ते पटलं. अडीनडीला त्यानं लोकांना हात दिलेला होता, हिला फक्त नावानं ओळखत होते.

आता नकाशा ती स्वतः पाठवते. ग्रुपवर नाही, वाडीतल्या एकेका माणसाला थेट. घेणारे थोडे राहिलेत. पाठवल्यावर कुणाला तरी फोन करून विचारते, "तुमच्याकडं कुठला रंग दिसतोय?" ऐकल्याशिवाय तिला चैन पडत नाही. चंद्राबाईंनी नंबर दिलेला नाही. त्यांच्या वाडीचा नकाशा शेजारच्या ठकुबाईंकडं जातो.

परवा वेल्ह्याच्या एसटीतून जाताना मार्गासनीला गाडी थांबली. धनाजी दुकानाच्या पायरीवर उभा होता. खिडकीत ती दिसताच त्यानं नेहमीसारखा हात वर केला. सवयीनं तिचाही हात उचलला गेला. मग तिनं तो खाली घेऊन मांडीवरच्या पिशवीवर घट्ट दाबून ठेवला, गाडी सुटेपर्यंत.